कवडशासाठी भिंत

काही वर्षांपूर्वी एका बंगल्याचं काम चालू होतं. जिन्यालगतची दुमजली भिंत उघड्या काँक्रीटची ठेवायची, असा माझा हट्ट. त्यासाठी कोरा प्लाय आणला, सांध्यांतून सिमेंटचं पाणी गळू नये म्हणून फोमच्या पट्ट्या लावल्या, मालाची गाडी यायच्या आधीच पहाटे साइटवर जाऊन उभा राहिलो. शटरिंग खोललं तेव्हा भिंत बऱ्यापैकी निघाली होती. सेंटरिंगचे मिस्त्री लांबून, जवळून, मान तिरकी करून तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झकास झालीय साहेब. गिलावा कधी धरायचा?"

हा किस्सा मी बरीच वर्षं हसण्यावारी सांगत आलो. आता वाटतं, मिस्त्रींचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे काँक्रीट म्हणजे सांगाडा. त्यावर गिलावा, पुट्टी, रंग चढला की घर झालं. गिलाव्याखाली सगळं खपतं. अर्धा इंच फुगलेला प्लाय, ओळंब्यातून सुटलेला कोपरा, मालात राहिलेली पोकळी, सगळं झाकलं जातं. त्या भिंतीवर मात्र नंतर काहीच चढणार नव्हतं, त्यामुळे पहिलाच हात शेवटचा होता. मी त्यांच्याकडून नेहमीच्या मजुरीत नेहमीपेक्षा चौपट काळजी मागत होतो आणि वर त्याला 'साधी भिंत' म्हणत होतो.

हे पुस्तक अशा साध्या भिंतींबद्दल आहे. घन, दंडगोल, त्रिकोण, क्वचित गोल, एवढ्याच आकारांवर भागवणाऱ्या आणि बाकीचं सगळं उजेडावर सोपवणाऱ्या इमारतींबद्दल. जगभर त्यांना 'मिनिमलिस्ट' म्हणतात. हा शब्द वास्तुकलेनं चित्र-शिल्पकलेकडून उसना घेतला. ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड वोलहाइम यांनी १९६५ मध्ये 'मिनिमल आर्ट' या नावाचा लेख लिहिला आणि पुढे ते लेबल ज्यांना चिकटलं, त्या डोनाल्ड जड यांच्यासारख्या शिल्पकारांनीच ते झटकण्याचा प्रयत्न केला. मराठीत त्याला न्यूनतमवाद किंवा अल्पतमवाद म्हणता येईल, पण दोन्ही शब्द सरकारी परिपत्रकातून आल्यासारखे वाटतात. शिवाय त्यांचा सगळा भर 'कमी' या गोष्टीवर आहे. काय कमी केलं हे ते सांगतात; कशासाठी, हे सांगत नाहीत.

त्यापेक्षा मराठीकडे आधीपासून असलेला एक शब्द मला जवळचा वाटतो: कवडसा. माझ्या आजोळच्या घराला कौलारू छप्पर होतं आणि माजघरात भरदुपारीही चाचपडावं लागे, म्हणून कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवलेलं होतं. त्यातून पडणारा कवडसा सारवलेल्या जमिनीवरून सरकत जायचा. तो जात्याच्या खुंट्याला टेकला की मामी भाताचं आधण ठेवायची. कवडसा पडायला तीन गोष्टी लागतात: उजेड अडवणारं छप्पर किंवा भिंत, तिला ठेवलेलं लहानसं भोक आणि पलीकडे पुरेसा अंधार. अंधार कमी पडला तर उजेड असतो, कवडसा नसतो. या पुस्तकातल्या इमारतींनी आकार साधे का ठेवले, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या माजघरात आहे. आतली प्रत्येक गोष्ट गप्प बसली, तरच सरकणाऱ्या उजेडाकडे लक्ष जातं.

ओसाकाजवळच्या इबाराकीत, चारचौघांसारख्या घरांच्या वस्तीत, १९८९ साली बांधून झालेलं एक छोटं चर्च आहे. 'प्रकाशाचं चर्च' या नावानं ते ओळखलं जातं. वास्तुकार तादाओ आंदो. बाहेरून बघितलं तर करड्या काँक्रीटची पेटी: साधारण सहा मीटर रुंद, सहा मीटर उंच, अठरा मीटर लांब, म्हणजे एकामागे एक ठेवलेले तीन घन. या पेटीत एक सुटी भिंत पंधरा अंशांच्या कोनात तिरकी घुसवलेली आहे. तिला वळसा घालूनच आत जावं लागतं आणि त्या वळशात रस्ता, सायकली, शेजारघरचे वाळत घातलेले कपडे, सगळं मागे पडतं. आत अंधार. जमीन आणि बाकं परांचीला वापरतात त्या फळ्यांची, गडद रंग दिलेली. जमीन वेदीकडे हळूहळू उतरत जाते. समोरच्या भिंतीत एक उभी आणि एक आडवी फट, जमिनीपासून छतापर्यंत आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्या दोन फटींचाच क्रूस झालेला आहे. मूर्ती नाही, चित्र नाही, झुंबर नाही.

भिंतीजवळ गेलं की अंगठा मावेल एवढी गोल भोकं ओळीनं दिसतात. शटरिंगच्या दोन बाजू एकमेकींना बांधून ठेवणाऱ्या बोल्टांच्या त्या खुणा. आपल्याकडे त्या बुजवतात. आंदो त्यांना भिंतीचं माप म्हणून वापरतात. प्लायचा प्रत्येक पत्रा ९० बाय १८० सेंटीमीटरचा, म्हणजे जवळपास जपानी घरातल्या तातामी चटईएवढा. त्यामुळे एवढी मोठी कोरी भिंतसुद्धा नकळत माणसाच्या अंगाच्या मापात वाचली जाते. वाडा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 'दोन खणांची खोली', 'पाच खणी सोपा' म्हणताना आपणही खांबांमधल्या अंतरानं घर मोजतच होतो.

या चर्चचे पैसे इतके तुटपुंजे होते की छत नंतर कधीतरी घालू, तोवर आकाशाखाली प्रार्थना होईल, असाही विचार झाला होता. छत अखेर झालं. क्रूसाच्या फटींना मात्र काच नसावी, वारा आणि थंडी उजेडाबरोबर आत यावी, असं आंदोंचं म्हणणं होतं. थंडीत कुडकुडत प्रार्थना करणाऱ्यांना ते पटलं नाही आणि काच बसली. आंदोंनी हे मनावर घेतलं असावं. २०१७ मध्ये तोक्योच्या नॅशनल आर्ट सेंटरमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा हे अख्खं चर्च त्यांनी खऱ्या मापात पुन्हा उभं केलं, यावेळी बिनकाचेचं. अठ्ठावीस वर्षांनी जिंकलेलं भांडण! या एका तपशिलात मला या सगळ्या घराण्याचं मोठेपण दिसतं आणि आडमुठेपणाही.

पण ही गोष्ट आंदोंपासून सुरू होत नाही, विसाव्या शतकापासूनही नाही. बिहारमधल्या बराबर टेकड्यांत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, अशोकाच्या काळात, आजीवक साधूंसाठी खोदलेल्या गुहा आहेत. सुदामा गुहेत एक लांबट खोली आणि तिच्या टोकाला एक गोल खोली, बस्स. कोरीव काम नाही. कठीण ग्रॅनाइट आरशासारखा घासलेला आणि उजेड फक्त दारातून. आज टिकून असलेली भारतातली सर्वांत जुनी खोदीव वास्तू इतकी कोरी आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं. नक्षी नंतर आली.

रोममधलं पँथिऑन दुसऱ्या शतकातलं. घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंतची उंचीही तेवढीच. त्यामुळे आत एक पूर्ण गोल बसावा अशी ती जागा आहे. माथ्यावर आठ मीटरहून रुंद भोक, त्याला झाकण नाही. ऊन येतं, पाऊसही येतो. पाणी जायला फरशीला किंचित उतार आणि भोकं ठेवली आहेत. उन्हाचं मोठं वर्तुळ दिवसभर घुमटावरून, भिंतींवरून फिरत राहतं.

आणि मग कार्ले. पुणे-मुंबई रस्त्यावरून हजार वेळा गेलेल्या माणसालाही तिथलं चैत्यगृह या अंगानं बघायचं सुचत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ते साधं आहे असा माझा दावा नाही. दर्शनी भागात जोडप्यांची भरगच्च शिल्पं आहेत, खांबांच्या माथ्यावर हत्तीघोड्यांवरचे स्वार आहेत. पण आतली उजेडाची योजना नीट बघावी. सुमारे ३८ मीटर लांबीच्या या दालनाला बाजूला एकही खिडकी नाही. दारावरची घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रचंड कमान हाच उजेडाचा मुख्य रस्ता. तो उजेड मधल्या दालनातून थेट टोकाच्या स्तूपावर जातो. दोन्ही बाजूंच्या खांबांमागच्या वाटा अंधारातच राहतात. स्तूप स्वतः म्हणजे दंडगोलावर ठेवलेला अर्धगोल, दालनातला सर्वांत साधा आकार. आणखी एक गंमत: दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा खांब तळघट आणि शीर्षांसह सजवलेले आहेत, पण स्तूपामागचे सात खांब निव्वळ अष्टकोनी, कोरे. तिथवर उजेड पोचत नाही म्हणून छिन्नी थांबली, की स्तूपाशी दुसऱ्या कशानं स्पर्धा करू नये म्हणून? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. वाचकांनी जाऊन स्वतः ठरवावं.

युरोपात हा धागा बाराव्या शतकात सिस्टर्शियन भिक्षूंनी उचलला. क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी मठांतल्या चित्रविचित्र प्राण्यांच्या कोरीव कामावर कडाडून टीका केली होती. भिक्षूंचं लक्ष पोथीऐवजी दगडातल्या माकडांकडे जातं, हे त्यांचं दुखणं. त्यांच्या पंथानं बांधलेले मठ त्यामुळे विलक्षण उघडे-बोडके आहेत. प्रोव्हान्समधला ल तोरोने हा त्यांतला सर्वांत देखणा: जाड दगडी भिंती, छोट्या खिडक्या आणि दगडावरून घरंगळणारं ऊन. आधुनिक वास्तुकार ल कॉर्ब्युझिए १९५३ मध्ये तो पाहून आले आणि मग त्यांनी ल तूरेतचा मठ बांधला, तिथे छतातून तोफांच्या नळ्यांसारखी धुराडी काढून त्यांतून रंगीत उजेड खाली ओतला. आंदो तरुणपणी मुष्टियोद्धे होते, वास्तुकलेचं कॉलेज त्यांनी पाहिलं नाही. ते कॉर्ब्युझिएंच्या रेखाटनांवरून रेघा गिरवत शिकले. गुरुपरंपरा अशीही चालते.

फ्रान्समध्येच १७८४ साली एत्येन-लुई बुले यांनी न्यूटनचं स्मारक कल्पिलं: दीडशे मीटर व्यासाचा पोकळ गोल, वरच्या अर्ध्या भागाला बारीक भोकं. बाहेर दिवस असला की आत चांदण्या दिसाव्यात. ते बांधणं तेव्हा शक्य नव्हतं. ते कागदावरच राहिलं हे बरंही झालं असेल. एवढ्या प्रचंड आकाराच्या गोष्टी सत्ताधाऱ्यांना फार आवडतात.

आधुनिक काळातला साधेपणा दोन वेगळ्या वाटांनी आला आणि त्या दोन्हींची गल्लत सर्रास होते. पहिली वाट काचेची. व्हिएन्नाच्या अडोल्फ लूस यांनी अलंकाराला गुन्हा ठरवणारं व्याख्यान दिलं (आणि स्वतःच्या इमारतींत महागडे संगमरवर वापरायला मागेपुढे पाहिलं नाही). मीस व्हान डर रोहे यांनी १९२९ मध्ये बार्सिलोनाच्या प्रदर्शनासाठी जर्मनीचा मंडप उभारला. सपाट छत, बारीक पोलादी खांब, ऑनिक्स दगडाची एक भिंत, हिरवा संगमरवर, पाण्याचं तळं. पुढच्याच वर्षी तो मोडला आणि १९८६ मध्ये त्याच जागी पुन्हा बांधला. आज आपण पाहतो ती प्रतिकृती आहे. त्यांचंच फार्न्सवर्थ हाउस, १९५१, इलिनॉयमध्ये फॉक्स नदीच्या काठी: जमिनीपासून उचललेले दोन आडवे पत्रे आणि मध्ये काच. अप्रतिम आहे. मालकीणबाई एडिथ फार्न्सवर्थ डॉक्टर होत्या. उन्हाळ्यात उकाडा, रात्री दिव्यावर येणारे किडे आणि चोवीस तास लोकांच्या नजरेत राहणं यांनी त्या वैतागल्या. खर्चावरून प्रकरण कोर्टात गेलं. नदीनंही पुढे अनेकदा पुराचं पाणी आत नेलं.

या वाटेवर उजेड सगळीकडून येतो, म्हणून कुठूनच येत नाही. मीस यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या काचेच्या घरात कवडसा पडत नाही. आणि त्यांची भ्रष्ट नक्कल म्हणजे आज हिंजवडीपासून गुरुग्रामपर्यंत उभे असलेले काचेचे ठोकळे, ज्यांच्या आत ऊन नको म्हणून दिवसभर पडदे ओढलेले असतात आणि वर ट्यूबलाइट जळत असतात.

दुसरी वाट भिंतीची. तिचे दोन मोठे वारकरी म्हणजे लुई कान आणि लुईस बारागान. कान यांना भिंतीचं महत्त्व पटलं त्यात आफ्रिकेतल्या उन्हाचा वाटा आहे. अंगोलातल्या लुआंडा शहरी अमेरिकी वाणिज्य दूतावासाचं काम करताना त्यांनी पाहिलं की लोक खिडकीसमोरच्या, उन्हानं उजळलेल्या भिंतीकडे तोंड करून बसतात, कारण थेट आकाशाची तिरमिरी डोळ्यांना सोसत नाही. त्यातून भिंतीपुढे भिंत ही कल्पना आली. लुआंडाची इमारत झाली नाही, कल्पना मात्र ढाक्याच्या संसदभवनात आणि अहमदाबादच्या आयआयएममध्ये पोचली. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ इथलं त्यांचं किंबेल संग्रहालय १९७२ चं. लांबच लांब पन्हाळीसारखी काँक्रीटची छपरं, प्रत्येकीच्या माथ्यावर एक चीर, चिरेखाली भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमचा पंख्यासारखा पत्रा. टेक्ससचं रणरणतं ऊन त्या पत्र्यावर आपटून छताच्या पोटावर पसरतं आणि करडं काँक्रीट चांदीसारखं दिसायला लागतं. चित्रांवर थेट ऊन पडत नाही, तरी ढग आला-गेला हे आतल्या माणसाला कळतं.

मेक्सिकोच्या बारागान यांनी साधेपणाला करड्या-पांढऱ्या रंगाच्या कैदेतून सोडवलं. त्यांच्या भिंती राणी रंगाच्या, पिवळ्या, गंजलेल्या लोखंडाच्या. आपल्याला, लग्नमांडवाचा गुलाबी रंग डोळ्यांत मुरलेल्या लोकांना, ते परके वाटू नयेत. कासा हिलार्दी या घरात एका बोळाला उभ्या फटींची रांग आहे आणि त्यांना पिवळी काच. ऊन आलं की अख्खा बोळ हळदीसारखा होतो. बोळाच्या शेवटी जेवणघर आणि तिथेच पाण्याचं टाकं, ज्यावर छतातून तिरीप पडते. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेच्या दोन इमारतींमध्ये बाग करायची की काय, या विवंचनेत कान असताना त्यांनी बारागान यांना बोलावलं. बारागान म्हणाले, एक पानसुद्धा लावू नका. आज तिथे फक्त दगडी पटांगण आहे, मधोमध पाण्याची रेघ आणि टोकाला समुद्र.

जपानी वाट या दोन्हींपेक्षा जुनी आणि अंधाराशी जास्त सलगी असलेली. सोळाव्या शतकात चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू यांनी चहाची खोली दोन तातामींएवढी आक्रसली. १९३३ मध्ये लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी सावल्यांच्या बाजूनं एक लांबलचक निबंध लिहिला, तेव्हा विजेचे दिवे जपानी घरांतून अंधार हुसकून लावत होते. आंदो या वारशाचे. ओसाकातलं सुमियोशीचं त्यांचं घर १९७६ चं, सुमारे ५७ चौरस मीटरच्या चिंचोळ्या प्लॉटवर. रस्त्याकडे एक दार, खिडकी एकही नाही. लांबीचे तीन सारखे भाग आणि मधला भाग उघडा चौक. एका बाजूच्या खोलीतून दुसऱ्या बाजूच्या संडास-न्हाणीकडे जायचं तर चौक ओलांडावा लागतो. पाऊस असेल तर छत्री घेऊन. ज्येष्ठ वास्तुकार तोगो मुरानो यांनी हे घर पाहून, बक्षीस द्यायचं तर घरात राहणाऱ्यांना द्यायला हवं, असं म्हटल्याचं सांगतात.

मला हे वाचताना हटकून वाडा आठवतो. चौक आपल्याकडेही होता, पाऊसही त्यात पडायचा, पण चारी बाजूंनी पडवी असायची. ओटीवरून माजघरात कोरड्या अंगानं जाता यायचं. आंदोंनी पडवी काढून टाकली. त्यांचं म्हणणं असं की शहरात राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला निसर्ग येतो तो असा, चार थेंबांनी आणि गारठ्यानं. म्हणणं मला पटतं. वयाच्या साठीनंतर मात्र मी पडवी मागेन.

आजच्या बाकीच्या वास्तुकारांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते अजून काम करत आहेत. स्वित्झर्लंडचे पीटर झुमथोर यांना आकारापेक्षा पदार्थ महत्त्वाचा. जर्मनीत मेखर्निखजवळच्या शेतात २००७ मध्ये त्यांनी बांधलेली ब्रुडर क्लाउस प्रार्थनागुंफा बघा: ११२ झाडांच्या खोडांचा तंबू उभा केला, त्याभोवती गावकऱ्यांनी काँक्रीटचे थर ठोकून बसवले आणि शेवटी आतली खोडं जाळली. काजळीनं काळी झालेली पोकळी उरली, वर आकाशाकडे उघडं भोक. शटरिंगच्या बोल्टांची भोकं आरपार आहेत आणि त्यांना काचेचे गोळे बसवले आहेत. अंधारात ते ताऱ्यांसारखे लुकलुकतात. बुलेंच्या कागदावरच्या चांदण्या अशा एका शेतकऱ्याच्या वावरात उतरल्या. स्पेनचे आल्बेर्तो काम्पो बाएझा आणि पोर्तुगालचे आल्वारो सिझा पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर तोच खेळ वेगळ्या उन्हात खेळतात. इंग्लंडच्या जॉन पॉसन यांनी न्यूयॉर्कमध्ये एका फॅशनच्या ब्रँडचं दुकान केलं होतं. त्याचे फोटो फ्रान्समधल्या एका मठाच्या प्रमुखांच्या नजरेस पडले आणि चेक देशातला नवा मठ, नोव्ही द्वूर, त्यांनी पॉसन यांनाच दिला. तो २००४ साली पुरा झाला. मठ सिस्टर्शियन परंपरेचाच. संत बर्नार्ड यांचा वारसा कपड्यांच्या दुकानातून फेरी मारून मठात परतला, याला काय म्हणावं!

आपल्या देशात हा विषय थोडा वेगळा होतो, कारण आपल्याला उजेड मिळवायचा नसतो, आवरायचा असतो. ओस्लोत किंवा लंडनमध्ये काच ही मेहेरबानी असते. नागपुरात मे महिन्यात ती शिक्षा. हे ज्यांना आधी कळलं त्यांच्यात पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमातल्या 'गोलकोंद' वसतिगृहाचे वास्तुकार आंतोनिन रेमंड यांचं नाव घ्यायला हवं. काम १९३० च्या दशकात सुरू झालं आणि भारतातल्या उघड्या काँक्रीटच्या पहिल्या इमारतींपैकी ही एक. खिडक्याच नाहीत, संपूर्ण दर्शनी बाजू हव्या तशा फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्यांची. खाली घोटलेली कडप्पा फरशी. पितळी कड्या-खिट्ट्यांसाठी भक्तांनी घरची भांडी दिली, ती वितळवून ओतली गेली. बांधणारे पुष्कळसे आश्रमवासी, बांधकाम न शिकलेले. माझ्या मिस्त्रींना मी ही इमारत दाखवायला हवी होती.

चार्ल्स कोरिया यांचं साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय १९६३ चं. सहा बाय सहा मीटरचे चौकोनी कोष, विटांचे जाड खांब, वर कौलांची उतरती छपरं. काच कुठेही नाही, लाकडी झडपा. काही कोष मुद्दाम उघडे, मध्ये पाणी. या इमारतीला कोणी मिनिमलिस्ट म्हणत नाही, कारण ती करडी नाही आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर थंड दिसत नाही. माझ्या लेखी मात्र ती या पुस्तकाच्या मधोमध बसते. कोरियांचंच पुण्यातलं आयुका आणि तिथला काळा दगड अनेक वाचकांनी पाहिला असेल. अहमदाबादेत कान यांना बोलावून आणणारे बाळकृष्ण दोशी जन्मानं पुण्याचे, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मधलं, आयआयटी कानपूर उभं करणारे अच्युत कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे. विटेची आणि काँक्रीटची ही उघडी भाषा इथल्या माणसांनी कमावलेली आहे, नुसती आयात केलेली नाही.

आणि ती इथल्या हवेत म्हातारी कशी होते, हेही बोलायला हवं. मुंबईच्या पावसात उघडं काँक्रीट चार वर्षांत काळे ओघळ धरतं. फोटोत न दिसणारी गोष्ट आहे ही. विटांतून पाणी मुरतं, आतली सळई गंजते, कोपरे फुटतात. कान यांच्या आयआयएममधली बहुतेक वसतिगृहं पाडायचं २०२० च्या अखेरीस ठरलं, तेव्हा जगभरातून निषेध झाला आणि थोड्याच दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. तरी वाद मिटला नाही. निषेधपत्रावर मीही सही केली होती. पण गळक्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याची बाजू त्या पत्रात नव्हती, ही रुखरुख आहे.

हे पुस्तक आत्ताच का, असं प्रकाशकांनी विचारलं होतं. एक कारण घरबांधणीच्या जाहिरातींत आहे. 'मिनिमल' हा शब्द आता दोन बेडरूमच्या फ्लॅटसोबत येतो आणि त्याचा अर्थ होतो करडा रंग, लपवलेली कपाटं, फॉल्स सीलिंगच्या कडेनं फिरवलेली एलईडीची पट्टी. वीस रुपयांच्या स्वयंपाकघराला दोनशेचा चेहरा. दुसरं कारण त्याच एलईडीत आहे. दिवा इतका स्वस्त आणि बारीक झाला की खोलीतला अंधार कोपऱ्याकोपऱ्यातून संपला. दिवसा दिवा लावलेला असतो हेसुद्धा लक्षात येत नाही. तिसरं कारण उकाड्याचं. जाड भिंत, लहान खिडकी, झडप, चौक या गोष्टी विजेशिवाय घर थंड ठेवत होत्या. त्यांच्याकडे शैली म्हणून न बघता यंत्र म्हणून बघायची वेळ आली आहे. साध्या आकाराच्या या इमारतींत ते यंत्र उघडं दिसतं, म्हणून शिकायला सोपं जातं.

पुस्तकाची मांडणी कालक्रमानं नाही आणि देशांप्रमाणेही नाही. उजेड कुठून येतो, यावरून ती केली आहे: माथ्यावरून, बाजूच्या फटीतून, दुसऱ्या भिंतीवर आपटून, पाण्यावरून. त्यामुळे पँथिऑन आणि माझ्या आजोळचं काचेचं कौल एका भागात आलं आहे, याची कुणी तक्रार केली तर मी ती आनंदानं ऐकेन. प्रत्येक इमारतीचा छेद हातानं काढलेला आहे, एकाच मापात, म्हणजे सुमियोशीचं घर ढाक्याच्या संसदेशेजारी किती इवलं आहे ते डोळ्यांना कळेल. फोटो कमी आहेत आणि काळेपांढरे. बारागान यांच्यावर त्यामुळे अन्याय झाला, तो मान्य. जिथे आम्ही स्वतः गेलो, तिथे फोटोखाली महिना आणि घड्याळातली वेळ दिली आहे. 'मिनिमलिस्ट' म्हणून नावाजलेल्या काही इमारती यात सापडणार नाहीत. त्या मला पाहायला मिळाल्या नाहीत, किंवा पाहिल्यावर फोटोच बरा वाटला.

वाचक वास्तुकलेचा विद्यार्थी असलाच पाहिजे असं नाही. घर बांधू पाहणारा, घर बांधून फसलेला, किंवा नुसता दुपारच्या वेळी खिडकीतल्या उन्हाकडे बघत बसणारा कोणीही चालेल. अवघड शब्द टाळले आहेत. साइटवर जे बोललं जातं तेच लिहिलं: ओळंबा, सेंटरिंग, गिलावा, परांची.

कार्ल्याच्या फोटोसाठी आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा शाळेची सहल होती. दुसऱ्यांदा आभाळ भरून आलं. तिसऱ्यांदा, जानेवारीत, दुपारी चढून गेलो तेव्हा ऊन कमानीतून आत सरकू लागलं होतं, पण स्तूपाला पोचलं नव्हतं. तिपाई लावून आम्ही खांबांमागे बसून राहिलो. बंद करायची वेळ झाली आणि पहारेकरी शिट्टी वाजवत आले. आम्ही काय करतोय ते त्यांनी विचारलं, आम्ही सांगितलं. त्यांनी घड्याळात बघितलं, स्तूपाकडे बघितलं आणि दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. दोन फोटो मिळाले. एक हललेला आहे. दुसरा मुखपृष्ठावर आहे, आणि त्यात खाली डावीकडे जो ठिपका दिसतो तो छपाईचा दोष नाही, त्यांची शिट्टी आहे.